मदत हवी आहे: सामूहिक बागेत अपघात, मालक जागा परत मागत आहेत

नमस्कार. कायदा, विमा किंवा अशा बागा चालवण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

एका खासगी मालकाच्या पडीक भूखंडावर आम्ही 22 कुटुंबं 6 वर्षं बाग करतो आहोत. परवानगी तोंडी आहे, कागद एकही नाही. पहिलं वर्ष नुसता राडारोडा उपसण्यात गेलं. आता मातीची मूठ वळली की गोळा होतो आणि बोटानं टोचला की भुसभुशीत सुटतो.

गेल्या महिन्यात एक आजी वाफ्यांमधल्या पाण्याच्या नळीत पाय अडकून पडल्या. मनगट मोडलं. त्यांची काही तक्रार नाही, पण मालकांचा निरोप आला, "उद्या कुणी दावा ठोकला तर मी का निस्तरायचं? जागा रिकामी करा." त्यांची भीती मला रास्तच वाटते. जागा त्यांच्या नावावर आहे, नुकसानभरपाई मागणारा आधी त्यांच्याच दारात जाणार.

सगळ्यांकडून "अपघात झाल्यास जबाबदारी माझी" असं लिहून घेतलं तर पुरेल का? आणि ही अडचण सुटली तरी पुढे जागा विकली गेली तर काय? लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल फार्ममध्ये शेकडो कुटुंबं 14 एकरांवर पिकवत होती, तरी 2006 मध्ये त्यांना बाहेर काढलं. ते वाचल्यापासून झोप नीट लागत नाही.

प्रतिसाद 1
हमीपत्र जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर बऱ्याच ठिकाणी ते कोर्टात टिकत नाही, आणि लहान मुलांच्या वतीनं पालकांनी केलेली सही तर आणखी कच्ची. मालकांना धीर येईल तो विम्यानं. त्यासाठी आधी रीतसर संस्था नोंदवा, तिच्या नावानं सार्वजनिक दायित्वाचा विमा (बागेत कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा) उतरवा आणि त्यात मालकांचंही नाव घालायला सांगा. ती पॉलिसी हातात घेऊनच त्यांच्याकडे जा. नळी मात्र आजच वाटेवरून हलवून कडेनं न्या.

जागेचं म्हणाल तर परवाना आणि भाडेपट्टा यांत मोठा फरक आहे. नुसता परवाना बहुधा केव्हाही काढून घेता येतो, भाडेपट्ट्यानं ठरल्या मुदतीपुरता हक्क मिळतो. जागा विकली तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहील, हे वकिलाकडून नीट लिहून घ्या. नोटिशीची मुदतही अशी ठेवा की उभं पीक निघेल.

प्रतिसाद 2
कायमचा उपाय म्हणजे जमीन विश्वस्त संस्थेच्या मालकीची होणं. न्यूयॉर्कमध्ये 1999 साली शंभराहून जास्त बागांचे भूखंड लिलावात निघाले होते. ट्रस्ट फॉर पब्लिक लँड आणि न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट या संस्थांनी ते विकत घेतले, म्हणून बागा वाचल्या. अशी संस्था मिळेपर्यंत निदान काही पीक खोक्यांत, पोत्यांत घ्या. बर्लिनच्या प्रिन्झेसिनेनगार्टन या सामूहिक बागेनं 2009 पासून तसंच केलं. वेळ आलीच तर माती बरोबर नेता येते.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. नळी आज दुपारीच कुंपणालगत वळवली. मालकांकडे 2 महिन्यांची मुदत मागतो आहे. संस्थेची घटना कुणी तयार केली असेल तर नमुना इथे द्याल का?