भाऊ फायनल इयरला आहे, खोलीतून बाहेरच येत नाही. काय करावं? (सप्टेंबर २०२०)

पाटणची_ताई: माझा धाकटा भाऊ पुण्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोरोनामुळे मार्चमध्ये हॉस्टेल रिकामं करायला लावलं तेव्हा दोन कपड्यांवर गावी आला, वह्या-पुस्तकं सगळी तिकडेच कुलपात. आधी परीक्षा रद्द म्हणाले, मग जुलैत यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) घ्यायचीच म्हणून सांगितलं, आणि आता २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की परीक्षेशिवाय डिग्री नाही. मला वाटलेलं एकदाचं ठरलं तर पोरगं सुटेल. पण उलटंच झालंय. पहाटेपर्यंत जागा, दुपारी उठतो, जेवण अर्धं टाकतो, मित्रांचे फोन उचलत नाही. परवा म्हणाला, "माझ्यामुळे तुम्हाला नुसता खर्चच." बाबा म्हणतात आळस चढलाय. मला भीती वाटतेय.

रेंजच_नाही: ताई मी पण फायनललाच आहे, आळस नाहीये तो. सहा महिने आज रद्द उद्या होणार यातच गेले, अभ्यासाला बसलं की वाटायचं कशाला बसू, नाही बसलं की अपराधी वाटायचं. आता ऑनलाइन एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) आहे म्हणतात पण नेट गेलं तर काय, हेच डोक्यात फिरत राहतं. त्याला अभ्यास झाला का हे विचारणं आधी बंद करा प्लीज. नोट्सच्या पीडीएफ मी देतो, विषय कळवा.

मनोविकार_निवासी: झोप, भूक, लोकांत मिसळणं हे सगळं दोन आठवड्यांच्या वर बिघडलेलं असेल तर डॉक्टरला दाखवायचंच, परीक्षा होऊ दे मग बघू असं करू नका. आणि ते "खर्चच" वालं वाक्य हलक्यात घेऊ नका. एकांतात सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट बरेच जण तेव्हाच बोलतात. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. शेतावरची फवारणीची औषधं तर आत्ताच कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडे. सरकारची 'किरण' हेल्पलाइन याच महिन्यात सुरू झालीय, १८००-५९९-००१९, मराठीत बोलता येतं. विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' पण आहे, ८४४८४४०६३२.

पाटणची_ताई: औषधं कुलपात टाकली. रात्री गच्चीवर बसून विचारलं, आधी गप्प होता मग खूप रडला, म्हणाला कधीकधी येतं मनात. आज मी त्याच्याच खोलीत झोपतेय, सकाळी कराडला नेते. पण बाबांना काय सांगू? वेड्यांचा डॉक्टर म्हटलं की ते अडवतील.

मनोविकार_निवासी: झोप गेलीय, भूक गेलीय, डॉक्टरने बोलावलंय एवढं सांगा, खोटं काहीच नाही त्यात. बाबांना सोबतच आणा, बाकीचं डॉक्टर समजावतील. रात्रीत काही वाटलं तर सकाळची वाट बघू नका, थेट सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.

रेंजच_नाही: ताई त्याचा नंबर मेसेज करा, मी परीक्षेचं काही बोलणार नाही.