घरी बरा झालेला कोविड आणि हृदय

"कोविड घरच्या घरी बरा झाला, मग हृदयाची चिंता कशाला?" असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आरोग्य नोंदींवरून झियाद अल-अली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आला. सुमारे दीड लाख बाधितांची तुलना बाधा न झालेल्यांशी केली, तेव्हा वर्षभरात हार्ट फेल्युअरचा (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडण्याचा) धोका ७२ टक्के आणि पक्षाघाताचा ५२ टक्के जास्त दिसला. जे रुग्णालयात दाखलच झाले नव्हते त्यांच्यातही तो वाढलेला होता, प्रमाण कमी असलं तरी. (यात बहुतेक पुरुष होते, म्हणून हेच आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लावू नयेत.)

विषाणू ज्या एसीई-२ प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो, ते हृदयाच्या पेशींवरही असतं. शिवाय दाहामुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजतं आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते.

कोविडनंतर जिना चढताना नव्याने धाप लागत असेल, छातीत धडधडत असेल, तर 'अशक्तपणा आहे' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढा, त्यांनी सांगितलं तर टू-डी इकोही (हृदयाची सोनोग्राफी). बीपी किंवा मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच. आणि छातीत दुखत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.