‘द अल्केमिस्ट’ कोणी ठेवलं? (सोसायटी ग्रुप, फोंडा)

बी-२०४ वहिनी: वाचनकपाटात ‘द अल्केमिस्ट’, ती पाउलो कोएल्योची मेंढपाळाची कादंबरी, कोणी ठेवली होती? मुलाने वाचलं आणि काल जेवताना म्हणाला, नोकरीला अर्ज करणार नाही, स्वप्नामागे जाणार. म्हणून रात्री जागून मीही वाचलं. चिडूनच हातात घेतलं होतं, पण एका ठिकाणी डोळे पुसले.

सी-१०२ काका: पुस्तक आठ दिवसांत परत ठेवावे. वहीत सही नाही.

ए-३०१ सर: वहिनी, मी ठेवलं. मनाचं ऐकावं, एवढंच तर सांगितलंय त्यात.

बी-२०४ वहिनी: सर, त्या मेंढपाळाकडे ६० मेंढ्या होत्या, त्या देऊन-विकून तो स्वप्नात दिसलेला खजिना शोधायला पिरॅमिडांकडे निघाला. आमच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे. आफ्रिकेत, मोरोक्कोच्या टँजियर बंदरात उतरल्या दिवशीच त्याचे पैसे चोरीला गेले, ते पान पोरांच्या लक्षात राहत नाही.

डी-१ भाई: मी मूळ पोर्तुगीज वाचलंय, १९८८ सालचं. माझं शिक्षण सेगुंद ग्रावपर्यंतचं, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेपुरतं, तरी कुठे अडलो नाही, इतकी सोपी वाक्यं. गोष्ट मात्र जुनी. अरबी सुरस कथांत बगदादचा माणूस स्वप्न पडलं म्हणून कैरोला जातो, मार खातो, आणि धन निघतं त्याच्याच घरात. काखेत कळसा, गावाला वळसा.

ए-३०१ सर: भाई, वळसा घातला म्हणून पिरॅमिड दिसले!

बी-१०३: वळशावरून आठवलं, गेटसमोरची लाल स्कूटर कोणाची?

ए-३०१ सर: पाहुण्यांची. तिसऱ्यांदा सांगतोय.

सी-१०२ काका: पुस्तक आठ दिवसांत परत ठेवावे.

ए-१०१ काकी: मला त्या मेंढपाळाची वाळवंटातली प्रेयसी, फातिमा, पटली नाही. तू जा, मी वाट बघते, म्हणाली की झालं? आमचे हे २२ वर्षं बोटीवर होते. पावसात कौलं गळायची, रात्री एकला उठून मी बालदी सरकवायची, पोराला कोरड्या कोपऱ्यात घ्यायची. वाट बघणं म्हणजे हे. लेखकाला ते दिसलंच नाही.

ए-३०१ सर: काकी, रूपककथा आहे ती. तिथे बालदी कुठून येणार?

ए-१०१ काकी: मेंढपाळ कामाला राहतो त्या काचसामानाच्या दुकानात काचेवर धूळ आली ना, सर? तशीच आली असती.

बी-२०४ वहिनी: काकी, त्याच दुकानात माझे डोळे भरले. दुकानदाराला मक्केला जायचंय, पण जात नाही. जाऊन आलो तर जगायला काय उरेल, ही भीती. माझे बाबा जन्मभर काशीला जायचं म्हणत राहिले. ट्रंकेत नवा पंचा घडीसकट राहिला. मनापासून हवं असलं की विश्व मदतीला धावतं वगैरे जे पुस्तकात आहे ते मला पटलं नाही, पण हा माणूस खरा आहे. आणि मेंढपाळ काय करतो? काचा पुसतो, काचेच्या पेल्यांतून चहा विकायची युक्ती काढतो, पैसे साठवतो. आफ्रिकेत उतरून ११ महिने ९ दिवस झाल्यावर पुढे निघतो. मुलाला म्हटलं, एवढंच पुन्हा वाच, मग बोलू.

ए-३०१ सर: हे मान्य, वहिनी.

सी-१०२ काका: आज नववा दिवस आहे.

बी-२०४ वहिनी: काका, आणखी दोन दिवस द्या. तो आत्ता चहाच्या पेल्यांपाशी पोचलाय.