परदेशात लहान मुलं वाढवताना : सोलापूरकरांचा अनुभव धागा

परदेशात पोरं वाढवणाऱ्या सोलापूरकरांनो, इथे लिहा. कोण कुठे गेलं आणि किती हाल झाले हे नको. दुसऱ्याला उद्या सकाळी उपयोगी पडेल ते हवं: किती मिली, किती महिने, कोणता कागद, कुठे हमखास चुकतं. इकडे राहिलेल्या आजी-आजोबांनीही लिहा, कारण निम्मे प्रश्न त्यांच्या फोनवर सुटतात, नाहीतर तिथेच अडतात.

साखर पेठ, सध्या श्टुटगार्ट

भाषेपासून सुरुवात करते, कारण धास्ती तिचीच जास्त असते. पाळणाघरातल्या बाई कधीकधी सांगतात, 'घरी इथलीच भाषा बोला, मूल गोंधळतंय.' सोलापूरच्या माणसाने हे मनावर घेऊ नये. आपल्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातलं पोर आईशी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, शेजारच्या अज्जीशी कानडी आणि दुकानात दखनी. पाच वर्षांचं होईतो ते कुठेच अडत नाही, कारण तिथे प्रत्येक भाषेला तिची माणसं आहेत आणि तिचं काम आहे. परदेशात नेमकं हेच तुटतं. मराठीला माणसं उरतात दोन आणि काम उरतं 'हात धू, जेव, झोप' एवढंच. मग शब्दसाठाही तेवढाच राहतो.

म्हणून मराठीला काम द्या. स्वयंपाकाचा ओटा हे त्यातलं सगळ्यात सोपं. निवडणं, सोलणं, चाळणं, मळणं, थापणं, उलथणं, ही क्रियापदं तिथे रोज आपोआप येतात. मूल जर्मनमध्ये उत्तर देतंय म्हणून 'मराठीत बोल' असं दरडावू नका, ते गप्प होतं. त्याने जे सांगितलं तेच मराठीत पुरं करून परत म्हणा आणि पुढचा प्रश्न विचारा. त्याने 'बाल' म्हटलं की 'चेंडू पलंगाखाली गेला होय? कसा काढायचा आता?' दिवसात अशा वीस-पंचवीस देवघेवी झाल्या तरी फरक पडतो.

ठरलेल्या जागी चुका होतात. बाबांचं बोलणं जास्त कानावर पडलेली मुलगी 'मी गेलो' म्हणते, आईजवळ वाढलेला मुलगा 'मी आले' म्हणतो. हसू नका, 'हो, तू गेलीस ना, कुठे गेलीस?' एवढं पुरतं. 'ळ' उशिरा येतो. 'चमचा' आणि 'चहा' यांतला वेगळा 'च' ऐकूनच येतो, शिकवून येत नाही. आणि घरात सगळेच 'तू' म्हणत असतील तर मूल आजोबांनाही 'तू' म्हणणारच, कारण 'तुम्ही' त्याने ऐकलेलंच नसतं. त्यावर एकच इलाज: आजोबांबद्दल आपापसात बोलतानाही 'आजोबा आलेत, त्यांना दे' असंच बोलायचं.

दोन वर्षांच्या मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषा मिळून मोजा. 'पाणी' एक आणि जर्मन 'वासर' (पाणी) दुसरा. एकूण ५० च्या आसपास शब्द आणि 'पाणी दे' अशी जोडणी असेल तर घाबरू नका. त्याहून खूप कमी असतील तर मराठी बंद करायची नाही, आधी कान तपासून घ्यायचे. नव्या पाळणाघरात काही आठवडे, कधी काही महिने मूल तिथे गप्प राहतं. समजणं चालू असतं.

आजीच्या व्हिडिओ कॉलबद्दल: तीन वर्षांचं मूल दहा मिनिटांच्या वर टिकत नाही आणि 'काय जेवलास?' या प्रश्नाला एक शब्द देऊन पळतं. तिकडे आजीने भाकरी थापायला घ्यावी, इकडे मुलाच्या हातात पिठाचा गोळा द्यावा. फोन परातीच्या वर तिरका टेकवायचा, म्हणजे आजीचा चेहरा नाही तर हात दिसतात. बोलणं मग आपसूक होतं. हिवाळ्यात जर्मनीत दुपारचे चार वाजतात तेव्हा सोलापुरात रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. आजीच्या जेवणाआधीची हीच वेळ धरा.

जुळे सोलापूर, सध्या न्यू जर्सी

तापाच्या औषधाबद्दल लिहिते, कारण इथली चूक महागात पडते. पॅरासिटामॉललाच अमेरिकेत असिटॅमिनोफेन म्हणतात. तिथलं मुलांचं औषध ५ मिलीत १६० मिग्रॅ असतं. भारतात सिरप ५ मिलीत १२० आणि २५० मिग्रॅ अशा दोन ताकदींचं मिळतं, आणि बाळाचे ड्रॉप्स १ मिलीतच १०० मिग्रॅ. डोस ठरतो वजनावर: किलोला १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर. १० किलोच्या मुलाला डॉक्टरांनी १५० मिग्रॅ सांगितलं असेल तर अमेरिकन बाटलीतून ते साधारण ४.७ मिली, १२० च्या सिरपमधून सव्वासहा, २५० च्या सिरपमधून ३ आणि ड्रॉप्समधून फक्त दीड मिली. 'नेहमीचं पाच मिली' म्हणून कुणी ड्रॉप्सच मोजून दिले तर एका वेळी ५०० मिग्रॅ पोटात जातं. यकृताला त्याचा धोका असतो. म्हणून सुट्टीला जाताना कागदावर मिली लिहू नका, मिग्रॅ लिहा, आणि तो कागद सोलापूरच्या घरी फ्रीजवर लावा. चमचा वापरायचा नाही, बाटलीबरोबरची सिरिंजच वापरायची. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, ताप आला तर घरी औषध न देता थेट डॉक्टर.

लसींत दोन ठिकाणी घोळ होतो. भारतात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. अमेरिकन शाळा पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत, त्यामुळे पुढे दोन डोस घ्यावेच लागतात. उलट अमेरिकेतलं ६ ते ११ महिन्यांचं बाळ भारतात न्यायचं असेल तर निघण्याआधी एक जादा डोस देतात, आणि तोही मोजणीत येत नाही. दुसरी गोष्ट बीसीजीची. दंडावर तो व्रण असला की क्षयाची त्वचेवरची चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. दोन वर्षांवरच्या मुलासाठी रक्ताची आयजीआरए चाचणी मागा.

बाळीवेस, सध्या टोरांटो

शेंगा चटणीचं काय करायचं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच शाळांत शेंगदाणा डब्यात चालत नाही, आणि तो नियम मनापासून पाळा. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटलेलं असतं. बोटाला लागतं, बोटावरून बाकाला, बाकावरून शेजारच्या मुलाच्या हाताला. सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही, साबण-पाणीच लागतं. सकाळी घरी भाकरीला चटणी लावून खाल्ली असेल तरी हात-तोंड साबणाने धुवूनच पाठवा. डब्यात कारळाची किंवा जवसाची चटणी चालू शकते, पण आधी बाईंना दाखवा. तीळ टाळा, तोही ॲलर्जीच्या यादीत आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तो स्पष्ट छापावा लागतो.

पण घाबरून घरच्या बाळाचा शेंगदाणा बंद करू नका. लंडनच्या २०१५ च्या लीप अभ्यासात धोका जास्त असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला, तेव्हा पाच वर्षांच्या वयात त्यांच्यातली ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. द्यायचा कसा? भाजलेल्या शेंगदाण्याचा तेल सुटेपर्यंत वाटलेला गुळगुळीत लगदा, मीठ-तिखट-लसूण काही न घालता. दोन छोटे चमचे लगदा, दोन-तीन चमचे कोमट पाणी. आधी बोटाच्या टोकावर चाटवा, दहा मिनिटं बघा, मग उरलेला सावकाश. अंगावर जबर एक्झिमा असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टर. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, तो श्वासनलिकेत अडकतो.

कडक भाकरीचा उपयोग मात्र सगळीकडे होतो. कमी तिखटाच्या पातळ आमटीत कुस्करून पाच मिनिटं झाकून ठेवली की वर्षाचं मूलही खातं. परदेशात मिळणारं ज्वारीचं पीठ बहुतेक जुनं असतं, त्याला चिकटपणा राहत नाही आणि भाकरी थापताना कडा फुटतात. गार पाण्याऐवजी उकळत्या पाण्यात उकड काढून, झाकून, मग मळा.

विजापूर रोड, सध्या म्युनिक

जर्मनीतल्या किटात, म्हणजे पाळणाघरात, मूल पहिल्या दिवशी सोडून ऑफिसला जाता येत नाही. रुळवण्याचा काळ असतो, त्याला आइनगेव्योनुंग म्हणतात. बऱ्याच ठिकाणी बर्लिन पद्धत चालते: पहिले तीन दिवस पालक मुलाबरोबर तासभर बसतात आणि एकदाही सोडून जात नाहीत. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर, जास्तीत जास्त अर्धा तास. चौथा दिवस सोमवार आला तर मंगळवारी, कारण शनिवार-रविवारनंतर मूल पुन्हा बुजतं. रडून शांत झालं तर वेळ वाढवतात, नाही झालं तर आणखी काही दिवस थांबतात. आई-बाबांपैकी एकाने चार आठवडे मोकळे ठेवावेत. आपल्याकडे मूल खेळात रमलं की गुपचूप सटकतात, तसं इथे करू नका. पाठ वळताच आई नाहीशी होते असं मुलाला वाटलं की ते खेळायचंच सोडून दाराकडे बघत बसतं.

कायद्याने १ मार्च २०२० पासून गोवराच्या लशीचा पुरावा लागतो: एक वर्षानंतर एक डोस, दोन वर्षांनंतर दोन. भारतातलं लसीकरण कार्ड मराठीत असेल तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडून पिवळ्या लसपुस्तिकेत चढवून घ्या.

कपड्यांचं: पाऊस आहे म्हणून मुलं आत बसवत नाहीत. चिखलाची रबरी विजार, रबरी बूट, घरात घालायच्या चपला आणि पूर्ण बदलीचा जोड तिथे ठेवावा लागतो. एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर बरे.

होटगी रोड, सध्या लीड्स

पाळण्यात सोलापुरी चादर नको. मनाला लागतं, कारण बारशाला पहिली तीच येते. पण वर्षाखालच्या बाळाजवळ सुटं पांघरूण, उशी, गोधडी काहीच ठेवायचं नाही, ते नाका-तोंडावर येतं. बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, पहिले सहा महिने आपल्याच खोलीत. पांघरुणाऐवजी खांद्यांत अडकणारी झोपेची पिशवी. चादर जमिनीवर अंथरा, बाळ तिच्यावर जागेपणी पालथं खेळू द्या. जाड सुताची वीण असल्यामुळे गुडघे घसरत नाहीत.

वर्षाखाली मध नाही, बाळगुटीत चाटवायलाही नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. बाजारातल्या काजळात शिसं सापडतं, म्हणून तीट तळपायालाही नको, पाय तर तोंडातच जातात. विलायतेत उन्हाचा भरवसा नाही: अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व, एक ते चार वर्षांच्या मुलाला १०.

आणि एक महत्त्वाचं. आपल्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर निळसर-करडे डाग असतात. जन्मखुणाच त्या, शाळेत जाईपर्यंत बहुतेक विरतात. न ओळखणाऱ्याला मार लागल्यासारखे दिसतात. पहिल्याच तपासणीत नर्सला दाखवून लाल पुस्तिकेत (बाळाच्या आरोग्य नोंदवहीत) जागा आणि आकारासह लिहून घ्या. धपाट्याबद्दल येणाऱ्या आजी-आजोबांना विमानात बसण्याआधीच सांगा: स्वीडनने १९७९ मध्ये, जर्मनीने २००० मध्ये, स्कॉटलंडने २०२० आणि वेल्सने २०२२ मध्ये मुलाला मारणं पूर्ण बंद केलं. मूल शाळेत निरागसपणे सांगतं आणि शिक्षकांना ते पुढे कळवावंच लागतं.

नवी पेठ, सध्या ह्यूस्टन

कागदांचं थोडक्यात. आई-बाप भारतीय आणि मूल बाहेर जन्मलेलं असेल तर भारतीय नागरिकत्वासाठी वर्षाच्या आत वकिलातीत जन्मनोंद करावी लागते, आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. अमेरिकन पासपोर्ट घेतला की वाट ओसीआयची, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या कार्डाची. मुलाचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टला तो आणि नवा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा. एकटी आई किंवा एकटे बाबा मूल घेऊन निघाले तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा.

नावाबद्दल पोरं विचारतात, 'मी कुठली?' त्यांना डॉ. कोटणीसांचं सांगा. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये चीनला गेले. १९४२ मध्ये तिथे झालेल्या त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. सहा वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं.

दक्षिण कसबा, सोलापूर (आजी)

एप्रिल-मेमध्ये पोरांना आणू नका, पारा चाळिशीच्या वर असतो. डिसेंबर-जानेवारी बरा. मुंबईला पहाटे उतरून लगेच गाडी धरायची घाई नको, एक रात्र तिथे झोपा. झोपेचं घड्याळ जुळायला आठवडा लागतो. सकाळी उठल्या उठल्या उन्हात अंगणात न्या आणि दुपारची झोप दोन तासांवर जाऊ देऊ नका.

जुलाब लागले तर ओआरएसची पुडी वाचून करा: मोठी असते ती एक लिटरला, छोटी २०० मिलीला. मोठी पुडी पेल्यात कालवली तर मीठ जास्त होऊन मूल आणखी बिघडतं. पाणी उकळून गार केलेलं, आणि दात घासायलाही तेच द्या, पोरं चूळ गिळतात.

गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे शाळेआधीच्या पोरांनाच तो मिळतो. अक्षता सोहळ्याच्या गर्दीत कडेवरचं मूल नको. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, सकाळी मार्गावर ओळखीच्या घराच्या कट्ट्यावरून दाखवा, तिथून वरचं टोक आणि खाली ते धरणाऱ्यांची पांढरी बाराबंदी दोन्ही दिसतात. होम मैदानावरचे पाळणे पुढेही चालू असतात, ते आडवारी संध्याकाळी. दारूकामाला लहान्याच्या कानावर जाड टोपी आणि खिशात फोन नंबरची चिठ्ठी.

परत निघताना कडक भाकरी हातातल्या बॅगेत डब्यात घाला, सामानात तिचा चुरा होतो. चटणीचं तेल पातळ पिशवीतून पाझरतं. दोन जाड पिशव्या, मध्ये वर्तमानपत्र, आणि मुलांच्या कपड्यांपासून लांब ठेवा.