मदत हवी आहे : शाळेतील जागतिक इतिहासाच्या वर्गात नेमके काय अपेक्षित असते?

नमस्कार. माझी मुलगी पुढील वर्षी नववीत जाणार असून तिने जागतिक इतिहास हा विषय घेतला आहे. रूपरेषा पाहिली, तेव्हा मेसोपोटेमियापासून थेट १९९१ मधील सोव्हिएत संघाच्या विघटनापर्यंतचा प्रवास एकाच वर्षात होणार असल्याचे लक्षात आले. पाच हजार वर्षांचा हा पसारा वर्गात कसा आवरला जातो?

सनावळ्या तिला तोंडपाठ आहेत. १४५३ म्हटले की कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव, हे ती झोपेतही सांगेल. मात्र १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील कोणत्या अटींमुळे जर्मनीत असंतोष वाढला आणि १९२९ नंतरच्या महामंदीने त्यात कशी भर घातली, असे कार्यकारणभावाचे प्रश्न आले की तिचे उत्तर दोन ओळींत संपते. (खरे सांगायचे तर माझेही त्याहून फार लांबत नाही.) शिवाय मूळ साधने, म्हणजे त्या काळातील पत्रे, करारनामे, व्यंगचित्रे अभ्यासून ती कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने निर्माण केली हे लिहावे लागते, असेही रूपरेषेत नमूद आहे, आणि या प्रकाराचा तिला अजिबात सराव नाही.

ज्यांनी हा विषय शिकवला आहे किंवा जे स्वतः तो शिकले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की परीक्षेत दीर्घोत्तरी प्रश्नांना कितपत महत्त्व असते आणि साधनांच्या विश्लेषणाचा सराव घरी कसा करून घ्यावा. सुट्टीचे सहा आठवडे हाताशी आहेत. त्यांत आधी प्राचीन संस्कृती वाचाव्यात की औद्योगिक क्रांतीपासून सुरुवात करावी?