पाच रकान्यांत कोंबलेले धर्म

बोरीकाठची (अमळनेर):
परवा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक तक्ता आला. वर पाच रकाने: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, शीख. डावीकडे पाच ओळी: देव, प्रार्थना, उपवास, दान, तीर्थयात्रा. पंचवीसच्या पंचवीस घरांत हिरवी खूण. खाली मोठ्या अक्षरांत, ‘नावं वेगळी, धर्म एकच. मग भांडता कशाला?’ टाकणारे काका सज्जन आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तो तक्ता पाहून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

शिखांच्या रकान्यात उपवासापुढे खूण आहे. शीख धर्म उपवासाला पुण्य मानत नाही. तिथे मोल आहे ते लंगरला, सगळ्यांनी एका पंगतीत जमिनीवर बसून जेवण्याला. बौद्धांच्या रकान्यात ‘देव’ समोर खूण आहे. जग निर्माण करणारा देव बुद्धांनी मानला नाही. जैनांना तर रकानाच नाही, आणि इथे खानदेशात कुठल्याही बाजारपेठेत गेलात तरी चार पावलांवर जैन घर आहे.

ज्या खुणा बरोबर आहेत, त्यांनी तर जास्त फसवणूक होते. उपवासच घ्या. मुसलमान रोजा धरतो, कारण तो अल्लाहचा हुकूम आहे आणि त्याच महिन्यात कुरआन उतरलं. जैन अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, करतो ती आत्म्याला चिकटलेलं कर्म झडावं म्हणून. त्यात कोणाला प्रसन्न करायचं नसतं, तीर्थंकर वर देत नाहीत. कॅथलिक माणूस ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस पाळतो ते येशूच्या रानातल्या चाळीस दिवसांची आठवण ठेवून, पश्चात्तापासाठी. आणि बुद्धांनी हाडं दिसेपर्यंत उपाशी राहून पाहिलं, यातून काही मिळत नाही म्हणाले आणि सुजाताची खीर घेतली. पोट रिकामं का ठेवायचं एवढं एकच विचारा, चौघं चार दिशांना जातात.

मरणाचं तेच. हिंदूंचा आत्मा देह बदलतो. बौद्धांना तो आत्माच मान्य नाही. ख्रिश्चन आणि मुसलमानांना जन्म एकच, आणि शेवटी हिशेब. या सगळ्यांपुढे एकच हिरवी खूण कशी करता?

आमच्या गावात १९१६ साली प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, उभं केलं. अहो, जीव आणि ब्रह्म एकच म्हणणारे शंकराचार्य आणि ते वेगळे म्हणणारे मध्वाचार्य हे दोघं एका रकान्यात बसत नाहीत, त्यांच्यातल्या फरकावर माणसांनी आयुष्यं घातली. ‘सगळं एकच’ म्हणणं म्हणजे समोरच्याचं ऐकून न घेताच मान डोलवणं.

जिभाऊ (पारोळा):
ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, मी सातवी. तरी बोलतो. माझी आजी म्हणायची, ‘बठ्ठा देव एकच शेतस.’ तिने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. मी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला गेलो आहे, महिन्याभराची चाल. एका गावात पाऊस लागला, पायाला फोड, उभं राहवेना. एका मुसलमानाच्या ओट्यावर टेकलो. त्याने गरम पाणी आणलं, मीठ टाकलं, माझे पाय स्वतःच्या हाताने त्या घमेल्यात ठेवले. त्याला आत्मा एक की अनेक हे मी विचारलं नाही, त्यानेही मला विचारलं नाही. फरक मोजत बसणाऱ्यांनीच आजवर घरं जाळली, एक मानणाऱ्यांनी नाही. तक्ता चुकला असेल, काकांचं मन चुकलं नाही.

रेल्वे कॉलनी (भुसावळ):
जिभाऊ, मान ठेवून बोलतो. सगळे धर्म एकच असते तर १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा कशाला केली असती? आणि तिथून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत एकवीस वर्षं कशाला लावली असती? ती वर्षं तुलना करण्यातच गेली. १९५० साली त्यांनी लेखात मांडलं: येशू स्वतःला देवाचा पुत्र म्हणतात, महंमद पैगंबर देवाचे प्रेषित, कृष्ण तर स्वतःच परमेश्वर, आणि बुद्ध फक्त वाट दाखवणारे. ही निवड आहे. ‘एकच’ म्हटलं की आमची निवडच पुसली जाते.

आमचे आजोबा भुसावळहून नागपूरला गेले होते. परत आल्यावर देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि तापीत सोडले. आजी आठ दिवस त्या रिकाम्या कोनाड्यासमोरून जाताना हात जोडायची, मग थांबायची, हात खाली घ्यायची. शेवटी तिने तिथे रॉकेलची चिमणी ठेवली. हे तिने सोसलं ते ‘सगळं एकच’ म्हणून नाही.

जिभाऊ (पारोळा):
तुमच्या आजीला माझा नमस्कार. पण वारीत चोखोबाही होते, हे विसरू नका.

रेल्वे कॉलनी (भुसावळ):
विसरलो नाही. चोखोबा मंदिराच्या पायरीशी आहेत, आत नाहीत. १९४७ साली साने गुरुजींना दहा दिवस प्राणांतिक उपोषण करावं लागलं, तेव्हा पंढरपूरचं दार आमच्यासाठी उघडलं. तुमच्या तक्त्यात हा उपवास कुठल्या ओळीत टाकणार?

मेहरूणची (जळगाव):
सगळे आमच्या रोजावर बोलतात म्हणून मीही बोलते. बोरीकाठच्या ताई, ‘हुकूम आहे म्हणून’ एवढ्यावर थांबलात, ते अर्धं झालं. कुरआनात पुढे कारण दिलंय, तुमच्यात तकवा यावा म्हणून. म्हणजे कोणी बघत नसताना स्वतःला आवरणं. घरात कोणी नाही, माठ समोर आहे, तरी हात जात नाही, ते.

माझे अब्बा भुसावळला लोको शेडमध्ये होते. २०१८ चा रमजान मेच्या मध्यावर लागला. आपल्याकडचा मे मी सांगायला नको, पारा ४५ च्या वर. इंजिनाखाली वाकून काम. बाराव्या रोजाला ते घेरी येऊन पडले. डॉक्टर म्हणाले बंद करा, मौलानाही तेच म्हणाले, आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट आहे, नंतर भरून काढा. अब्बांनी राहिलेले रोजे डिसेंबरात धरले, दिवस लहान असतो तेव्हा. त्याचीही त्यांना लाज वाटायची, सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, उठायचे तर दिवा न लावता. त्या तक्त्यात हे सगळं एका खुणेत गेलं.

आणि आमच्यातही ‘एक’ नाही बरं. बोहरा लोक चंद्र बघत नाहीत, त्यांची दिनदर्शिका हिशेबाने बांधलेली. त्यांचा रमजान आमच्या एक-दोन दिवस आधी लागतो.

मृगबाग (रावेर):
ताईंनी मे महिना काढला म्हणून विचारतो. आम्ही केळीवाले. रोजा सुटतो केळीवर, एकादशी निघते केळीवर, श्रावणी सोमवारी केळी. धर्म कोणताही असो, घड आमचाच जातो. पण व्यापारी सांगतो ‘रमजान येतोय, भाव चढेल’, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे. २०१९ ला मे, २०२६ ला फेब्रुवारी. म्हणजे आता थंडीत. थंडीत चरका बसतो, साल काळी पडते, मग व्यापारी म्हणतो माल हलका आहे, फळ्यावर लिहिलेल्या भावाच्या खाली घेतो. पावसाळा सरताना कांदेबाग लावू की मृगात मृगबाग, याचा हिशेब आता चंद्र बघून करायचा का? आपली एकादशी अशी का सरकत नाही?

बोरीकाठची (अमळनेर):
चांगलं विचारलंत भाऊ. चंद्राचे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. आपण तो खड्डा साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून बुजवतो. ज्यू लोक एकोणीस वर्षांत सात महिने वाढवतात, म्हणून त्यांचा वल्हांडण वसंतातच येतो. ख्रिश्चनांनी ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी ठेवला. ३२५ साली नायसियाच्या परिषदेत सगळ्यांनी एकच दिवस पाळायचं ठरवलं, तरी पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चचा ईस्टर आजही बहुतेक वर्षी वेगळा पडतो, कारण पंचांग वेगळं. कुरआनाने महिना वाढवण्याला स्पष्ट मनाई केली. त्यामुळे रमजान साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरतो.

मेहरूणची (जळगाव):
आणि ते आम्हाला बरोबर वाटतं. कायमचा उन्हाळा कोणाच्याच वाट्याला येत नाही.

मृगबाग (रावेर):
तुम्हाला बरोबर, आमची बाग चुकते ना ताई. आणि अधिक मासाचं काय सांगता, २०२३ ला श्रावण अधिक आला तर लोकांना कळेना उपवास कुठल्या श्रावणात धरायचे. अर्ध्यांनी पहिल्यात धरले, अर्ध्यांनी दुसऱ्यात. मागणी फुटली. बऱ्हाणपूरचा लिलाव बघून इथे भाव सांगतात, आणि गाडी भरल्यावर फोन येतो की पुढे माल पडून आहे. खोडाला पाणी आम्ही द्यायचं, वादळाने बाग आडवी झाली तर विम्यासाठी फेऱ्या आम्ही मारायच्या.

जिभाऊ (पारोळा):
भाऊ, दुःख खरं आहे. पण विषय धर्माचा चालला आहे.

मृगबाग (रावेर):
जिभाऊ, केळी पंधरा दिवस झाडावर थांबत नाही. माझ्यासाठी विषय हाच आहे.

सराफ बाजार (जळगाव):
केळी खाऊन उपवास, हे वाचूनच लिहावंसं वाटलं. आमच्यात अठ्ठाई म्हणजे आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. मासखमण करणारे तीस दिवस काढतात. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, वर दही, आणि त्याला उपवास म्हणायचं? तो तर सणाचा स्वयंपाक झाला.

जिभाऊ (पारोळा):
शेठ, तोंड सांभाळा. माझी माय एकादशीला कपाशी वेचायला जायची. भगर दुकानात होती, घरात नव्हती. पदरात मूठभर शेंगा बांधायची, त्यातल्या निम्म्या मला आणून द्यायची. दुपारी नाल्याचं पाणी. संध्याकाळी मापाला बसली की हात थरथरायचे. तुम्ही गादीवर बसून आठ दिवस करता, पंखा चालू असतो, नंतर वरघोडा, तुमची मिरवणूक, निघते, पेपरात फोटो येतो. माझ्या मायचा फोटो कुठेच नाही. कुणाचा उपवास मोठा ते तुम्ही ठरवू नका.

सराफ बाजार (जळगाव):
फोटोसाठी कोणी करत नाही. माझी आई सहाव्या दिवशी भिंत धरून चालत होती. मी रडून म्हटलं सोड, तर म्हणाली, ‘देह दमलाय, मी नाही.’ हे तुम्ही गादी म्हणता?

कनाशीकर (भडगाव):
दोघांच्याही आयांना दंडवत. पण ‘हिंदू’ या एका रकान्यात आम्हालाही कोंबलंय. महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही वेगळे आणि अनादी. देवतांची भक्ती करून मोक्ष मिळत नाही, असं चक्रधर स्वामींनी साडेसातशे वर्षांपूर्वी सांगितलं. आम्हाला विचारलं कोणी?

बोरीकाठची (अमळनेर):
हेच तर मी पहिल्यापासून म्हणते आहे. जिभाऊ, शेठ, तुमच्या दोघांच्या आया वेगळ्या कारणांसाठी उपाशी राहिल्या. एकीचं माप दुसरीला लावलं की अपमान होतो, आणि तो आत्ता इथे झाला.

सराफ बाजार (जळगाव):
साबुदाण्याचं बोललो ते घाईत बोललो. संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, आम्ही ज्याला दुखवलं त्याच्याकडे जाऊन ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो, म्हणजे माफी मागतो. अजून वेळ आहे संवत्सरीला, पण जिभाऊ, आजच म्हणतो.

मेहरूणची (जळगाव):
आमच्यातही हेच आहे. अल्लाह स्वतःच्या हक्काचं माफ करेल, पण माणसाचा हक्क मारला असेल तर आधी त्या माणसाने माफ करायला पाहिजे. हजला निघताना अम्मी गल्लीत घरोघर जाऊन आली होती. जिच्याशी नळावरून भांडण होतं तिच्याकडे सगळ्यात आधी.

बोरीकाठची (अमळनेर):
हे मला मान्य करावं लागतं. ज्यूंच्या योम किप्पूरचंही तसंच आहे. पंचवीस तास अन्नपाणी नाही, पण शेजाऱ्याला दुखवलं असेल तर आधी त्याला राजी करा, नुसत्या उपवासाने ते पाप फिटत नाही. इथे साम्य आहे, आणि खरं आहे. पण ते त्या तक्त्यात नव्हतं. तिथे ‘क्षमा’ ही ओळच नाही.

रेल्वे कॉलनी (भुसावळ):
माफी मागणं सोपं आहे. आमच्या आजोबांना विहिरीवरून हाकललं त्यांच्यापैकी घरी कोण आलं माफी मागायला? कोणत्याच धर्माचं नाही.

जिभाऊ (पारोळा):
नाही आलं, खरं आहे. आमच्या गावातही विहीर होती आणि मी तेव्हा लहान नव्हतो, समजत होतं मला. शेठ, तुमचं मी घेतलं. ताई, तुमचं सगळं नाही पटलं, त्या ओट्यावरच्या माणसाला आणि मला मी दोन रकान्यांत नाही घालणार. पण तक्ता माझ्याही फोनवर आला होता आणि मी तो पुढे चार जणांना पाठवला. बौद्धांची ‘देव’ समोरची खूण आणि शिखांची उपवासाची, या दोन चुकीच्या आहेत असं त्या चौघांना आज रात्री कळवतो.

रेल्वे कॉलनी (भुसावळ):
जैनांचा रकाना नाही, हेही कळवा.

मृगबाग (रावेर):
आणि रावेरचा आजचा भाव कोणाला कळला असेल तर तेवढं टाका, उद्या सकाळी कटाईला माणसं बोलावली आहेत.