मदत हवी आहे: हृदय बंद पडल्यानंतरचा एनएसई रिपोर्ट कसा वाचायचा?

नमस्कार. आयसीयूत किंवा न्यूरॉलॉजीत काम करणारं कोणी इथे असेल तर कृपया वाचा. उद्या सकाळी डॉक्टर आमच्याशी सविस्तर बोलणार आहेत, त्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

माझे काका, वय ६१. रविवारी सकाळी उपवन तलावाजवळ फिरताना कोसळले. व्यायामाला आलेल्या दोन मुलांनी लगेच सीपीआर सुरू केला, रुग्णवाहिकेत शॉक दिल्यावर हृदय पुन्हा चालू झालं. अँजिओप्लास्टी झाली, बीपी स्थिर आहे. ठाण्यातच एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत, पण शुद्ध आलेली नाही. मिडॅझोलॅम आणि फेंटानिल (झोपेचं आणि वेदनेचं औषध) काल रात्री बंद केलं. क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंड मंद आहे.

मेंदूला किती इजा झाली हे कळावं म्हणून रक्ताची एनएसई (न्यूरॉन-स्पेसिफिक एनोलेज) तपासणी केली. २४ तासांना २९ आणि ४८ तासांना ५४ आलं. दुसऱ्या रिपोर्टखाली 'नमुना किंचित हिमोलाइज्ड' असा शेरा आहे. ७२ तासांचा नमुना आज सकाळी गेलाय, रिपोर्ट यायचाय. डॉक्टर एवढंच म्हणाले की मार्कर वाढलाय, बाकीच्या तपासण्या बघून बोलू.

पण पुण्याच्या आतेभावाने कुठेतरी वाचलं की ३३ च्या वर गेलं की माणूस शुद्धीवर येत नाही, आणि ते त्याने घरच्या ग्रुपवर टाकलं. तेव्हापासून घरात सूतकासारखं वातावरण आहे. काकूंनी जेवण सोडलंय. एका आकड्यावर त्यांना 'आता आशा नाही' असं कुणी सांगावं हे मला पटत नाही, पण खोटी आशाही द्यायची नाही. ३३ खरं की ५४ अजून चालण्यासारखं? हिमोलाइज्डने किती फरक पडतो? उद्या नेमकं काय विचारू?

प्रतिसाद

ताई, मी नवी मुंबईत आयसीयूत डॉक्टर आहे. काकांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे ते जगतील-वाचतील यावर बोलणार नाही. रिपोर्टबद्दल सांगतो.

३३ ही मर्यादा जुनी. २००६ च्या अमेरिकन न्यूरॉलॉजी मार्गदर्शनात ती होती, पण तिच्यामागचा अभ्यास शरीराचं तापमान नियंत्रित ठेवण्याचे उपचार रूढ होण्याआधीचा. पुढे ३३ च्या वर गेलेले कित्येक रुग्ण चांगले बरे झालेले दिसले. २०२१ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांमध्ये ४८ किंवा ७२ तासांना ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या वर अशी मर्यादा आहे, आणि तीही एकटी पुरत नाही. ५४ हा निकाल नव्हे. चढता आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, हेही तितकंच खरं.

हिमोलाइज्डचा, म्हणजे नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्याचा, शेरा मात्र फार महत्त्वाचा आहे. एनएसई चेतापेशींत असतं तसंच लाल पेशींतही असतं. नमुना घेताना किंवा नेताना त्या फुटल्या की आकडा उगाच वाढतो. शरीरातच पेशी फुटत असतील तरीही वाढतो, आणि रक्तातलं एनएसई अर्ध्यावर यायला साधारण एक दिवस किंवा थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे २९ वरून ५४ ही चढण मेंदूची किती आणि लाल पेशींची किती, हे या दोन रिपोर्टांवरून सांगता येत नाही. आजच्या नमुन्याचा हिमोलिसिस इंडेक्स (लाल पेशी किती फुटल्या याचं माप) लॅबकडून मागवा. खराब असेल तर पुन्हा नमुना घ्यायला सांगा.

आता उद्याचं. पहिला प्रश्न झोपेच्या औषधांचा: मूत्रपिंड मंद असताना मिडॅझोलॅम शरीरात रेंगाळतं, मग आजची बेशुद्धी औषधाची नाही हे कशावरून? दुसरा, वेदना दिल्यावर हात काय करतो? नीट मागे घेत असेल तर वाईट भाकिताची पायरी सुरूच होत नाही. त्यानंतर डोळ्यांच्या बाहुल्यांची आणि पापणीची प्रतिक्रिया, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद), एसएसईपीमधली (हाताच्या चेतातंतूला दिलेला संकेत मेंदूपर्यंत पोचतो का ही तपासणी) एन-२० लहर दोन्ही बाजूंना आहे का, सीटी किंवा एमआरआय. ७२ तास उलटल्यावर यांतली किमान दोन लक्षणं वाईट असतील तरच 'बरे होण्याची शक्यता फार कमी' म्हणतात. एनएसई त्या दोनांतलं फार तर एक. चित्र स्पष्ट नसेल तर थांबून पुन्हा तपासायचं, हेच त्या सूचनांमध्ये लिहिलंय.

धागाकर्ती

खूप खूप आभार. आजच्या नर्सबाई म्हणाल्या, सक्शन करताना (नळीतून कफ ओढताना) खोकला येतो. हे चांगलं का? आणि न्यूरोफिलामेंट नावाची तपासणी वाचली, ती करायला सांगू?

प्रतिसाद

खोकला म्हणजे मेंदूच्या खालच्या भागाचं काम चालू आहे. चांगलंच, पण त्यावरून शुद्धीचा अंदाज करू नका. न्यूरोफिलामेंट लाइट चेतातंतूंमधून येतं, लाल पेशी फुटल्याने त्यात गोंधळ होत नाही, आणि अभ्यासांत एनएसईपेक्षा सरस ठरलंय. पण २०२१ च्या सूचनांत रक्तातला मार्कर म्हणून एनएसईच होतं. न्यूरोफिलामेंटमागे धावण्यापेक्षा ईईजी आणि एसएसईपी झालं नसेल तर ते आधी करून घ्या. काकूंना उद्याच्या बोलण्यात सोबत बसवा, डॉक्टरांचं त्यांनी स्वतः ऐकू दे.

आणखी एक प्रतिसाद

ताई, माझ्या वडिलांना झोपेचं औषध बंद केल्यावर बऱ्याच उशिरा शुद्ध आली. स्मरणशक्तीची अडचण आजही आहे, पण घरी आहेत, आम्हाला ओळखतात. डॉक्टरांना हेही विचारा की शुद्धीवर आले तर फिजिओथेरपी आणि स्मृतीची तपासणी कधी सुरू होईल. काकूंशी बोलायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, माझी आई त्यांच्याशी बोलेल.